पंचवीस हजारांचा नकार

उसाचा हंगाम सुरू झाला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले रस्ते रात्री वेगळेच दिसू लागतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि खुणेसाठी बांधलेले लाल फडके मोळ्यांत कुठे तरी हरवलेले. त्यात शेंद्रे ते कागल या टप्प्यात महामार्गाचे सहापदरीकरण सुरू झाल्यापासून वळणरस्त्यांची भर पडली. या रस्त्यांवर मोठे अपघात होतात, त्यांच्या बातम्या होतात. छोट्या अपघातांची बातमी होत नाही. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर ब्रेक जरा उशिरा लागला, मिरजेच्या वाटेवर विश्रामबागेत रिक्षा अचानक आडवी आली, साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पुढची गाडी एकाएकी थांबली. बंपर फुटला, बॉनेट चेपले, एक दिवा गेला. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. चार शब्दांची बाचाबाची होते, बघे पांगतात आणि घरी आल्यावर सगळे एकच वाक्य बोलतात, 'जाऊ दे, विमा आहे ना!'

मग काही आठवड्यांनी विमा कंपनीचा निरोप येतो. पूर्वी तो पत्राने यायचा, आता बहुधा इंग्रजी ईमेलने येतो. अमुक कलमान्वये आपला दावा देय नाही, क्षमस्व. तेवढ्यावर बहुतेक घरांत विषय संपतो. गॅरेजवाल्याचे बिल खिशातून दिले जाते आणि 'विमा म्हणजे नुसती लूट' हा निष्कर्ष शेजारीपाजारी पोचवला जातो. असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो अर्धाच खरा आहे. नकार कधी योग्य असतो, कधी चुकीचा असतो आणि चुकीचा असला तर तो मोडून काढण्याची सोय कायद्यात आहे. तरीही ती सोय फार थोडे लोक वापरतात. असे का होते, हे पाहण्यासाठी सुरुवात पैशांच्या हिशेबापासून करावी लागेल.

आधी हिशेब

समजा, साडेचार वर्षे वापरलेल्या छोट्या मोटारीच्या दुरुस्तीचे बिल ३८,००० रुपये झाले. त्यात प्लास्टिकचा बंपर ९,०००, पत्र्याचे बॉनेट १०,०००, पुढचा दिवा ६,०००, रंगकाम ८,००० आणि मजुरी ५,०००. मालकाची अपेक्षा ३८,००० मिळण्याची. पण नेहमीच्या पॉलिसीत घसारा कापला जातो. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा मानून त्याच्या निम्मी रक्कम वजा. काचेवर मात्र घसारा नाही. या हिशेबाने बंपरचे ४,५००, बॉनेटचे ६,५००, दिव्याचे ३,०००, रंगाचे ७,००० आणि मजुरीचे ५,००० मिळून २६,००० होतात. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. उरले २५,०००.

म्हणजे ३८,००० मागून २५,००० मिळाले तर ती फसवणूक नव्हे, तो करार आहे. घसारा न कापणारी जादा हप्त्याची पॉलिसी मिळते. ती घेतली नसेल तर ही वजावट मान्य करावी लागते. अनेक तक्रारी इथेच सुरू होतात आणि इथेच निकालात निघतात.

दुसरा हिशेब नो क्लेम बोनसचा. सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्याला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी पायऱ्या चढत ५० वर जाते. हप्त्याचा हा भाग ९,००० रुपये धरला, तर पुढच्या पाच वर्षांत गमावलेल्या सवलतीची बेरीज ११,२५० रुपये होते. दावा जर आठ-दहा हजारांचाच असेल, तर तो न करणेच फायद्याचे. दावा २५,००० चा असला तर तो जरूर करावा. पण तोही नाकारला गेला की सामान्य माणूस आणखी एक हिशेब मांडतो: वकील, हेलपाटे, बुडालेल्या रजा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. छोट्या दाव्याचा नकार टिकतो तो या तिसऱ्या हिशेबावर. कंपनीचे म्हणणे बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची वेळच येत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ठराविक रकमेपुढच्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअरकडून करून घेण्याचे बंधन विमा कायद्यात आहे. आपल्या उदाहरणातली रक्कम त्या मर्यादेच्या बरीच आत येते. म्हणजे छोट्या धडकेचे मोजमाप कंपनी आपल्याच माणसाकडून, मोबाइलवरच्या छायाचित्रांवरूनही करू शकते. मोठ्या दाव्यात निदान बाहेरचा एक डोळा असतो. छोट्या दाव्यात तोही नसतो.

नकाराची कारणे

नकाराची कारणे फार नाहीत. कळवायला उशीर केला. चालवणाऱ्याकडे वैध परवाना नव्हता. खासगी गाडी भाड्याने दिली होती. गाडी विकत घेतली पण विमा नावावर केला नाही. आधीच्या कंपनीकडे दावा घेतलेला असताना नव्या कंपनीला 'दावा नाही' असे सांगून बोनसची सूट घेतली. पाहणीआधीच दुरुस्ती केली. आणि शेवटचे, सर्वांत जास्त वादाचे: अपघाताची हकिगत आणि गाडीवरच्या खुणा जुळत नाहीत.

यातली काही कारणे आपल्या घराघरांतून जन्माला येतात, हे मान्य केले पाहिजे. गाडी पुतण्या चालवत होता, त्याचा परवाना शिकाऊ. अर्जात मात्र काकांचे नाव लिहिले. मे महिन्यात ओळखीच्या पाहुण्यांना पैसे घेऊन महाबळेश्वर दाखवून आणले; पांढरी पाटी, पण भाडे मारलेच. एजंटने 'बोनस लावतो, हप्ता कमी होईल' म्हटले आणि आपण मान डोलावली. अशा वेळी गॅरेजमध्ये कुणी तरी सल्ला देतो, 'साहेब, जरा वेगळं लिहू, काम होऊन जाईल.' हा सल्ला सर्वांत महाग पडतो. मूळ चूक कधी कधी माफ होणारी असते, तिच्यामुळे दाव्याचा काही भाग तरी मिळू शकतो. पण खोटी हकिगत एकदा कागदावर आली की कंपनीला पूर्ण नकाराचे हत्यार आपल्याच हाताने दिल्यासारखे होते. विम्याचा करार परम विश्वासाचा मानला जातो आणि हा विश्वास दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

न्यायालये काय म्हणतात

सर्वोच्च न्यायालयाने गेल्या तीस वर्षांत एक सूत्र हळूहळू घट्ट केले आहे. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला एवढ्याने भागत नाही. तो भंग मुळावरच घाव घालणारा आहे का, आणि अपघाताशी त्याचा काही संबंध आहे का, हे पाहायचे. १९९६ साली कर्नाटकातील एका मालवाहू गाडीच्या खटल्यात गाडीत सहाऐवजी नऊ माणसे होती म्हणून कंपनीने नुकसानीचा दावा फेटाळला होता. तीन माणसे जास्त बसल्याने अपघात झाला नाही, सबब हा भंग इतका मूलभूत नाही, असे न्यायालयाने ठरवले. २०१० साली खासगी मोटार भाड्याने दिल्याच्या प्रकरणात संपूर्ण दावा फेटाळणे चुकीचे ठरले. अशा भंगात 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने, म्हणजे देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची रीत कंपन्यांच्याच मार्गदर्शक सूचनांत होती, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. पांढऱ्या पाटीने भाडे मारणे योग्य, असा याचा अर्थ नाही. चूक आणि शिक्षा यांचे काही प्रमाण असावे, एवढाच अर्थ आहे.

उशिराबाबतही तसेच. निव्वळ उशीर झाला म्हणून खरे दावे नाकारू नका, असे विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ मध्येच कळवले होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले: उशिराचे समाधानकारक कारण दिले असेल आणि दावा खरा असेल, तर यांत्रिकपणे नकार देता येणार नाही. पीयूसी नाही म्हणून दावा नाही, अशी अफवा २०२० साली फार पसरली होती; ते कारण वैध नाही, असा खुलासा प्राधिकरणाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केला. तासगाव-मिरज भागात द्राक्षे आणि भाजीपाला वाहणाऱ्या छोट्या टेम्पोवाल्यांच्या दृष्टीने नोव्हेंबर २०२४ चा निकाल महत्त्वाचा आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, असे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले. परवान्याच्या या एका शब्दावर वर्षानुवर्षे दावे अडत होते.

पण सगळेच निकाल ग्राहकाच्या बाजूने नाहीत. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर तो मूलभूत भंग आहे, असे २०१४ साली ठरले. गाडी विकत घेतल्यावर तिसऱ्या पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे जात नाही, हे १९९६ पासून स्पष्ट आहे. म्हणून खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीला कळवायचे. परवान्याची मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवस तो चालत असे. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने ती सवलत काढून घेतली. हे ठाऊक नसलेला माणूस निष्काळजी नसतो, पण त्याचा दावा मात्र अडकतो.

'पश्चात नुकसान' या शब्दाची ओळख सांगलीकरांना वेगळ्या प्रसंगी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पूर पॉलिसीत समाविष्ट असतो. पण पाणी शिरलेल्या गाडीची चावी फिरवली आणि इंजिन गेले, तर ते नुकसान पुराचे नव्हे, चावी फिरवल्याचे, अशी कंपन्यांची भूमिका असते. छोट्या धडकेतही हेच होते. रेडिएटर फुटलेली गाडी 'घरापर्यंत तरी नेऊ' म्हणून चालवली की इंजिनाचा खर्च आपल्या गळ्यात. गाडी तिथेच उभी करून टोचन बोलावणे, हा त्यावरचा साधा उपाय.

निर्णय घेणारा लांब गेला

विमा आणि बँक या गोष्टी या दोन जिल्ह्यांना परक्या नाहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी उभी केली, १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक काढली. सांगली बँक १९१६ ची. गावातल्या माणसाने गावातल्या माणसावर टाकलेला विश्वास, हे या संस्थांचे भांडवल होते. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७३ पासून सर्वसाधारण विमा चार सरकारी कंपन्यांच्या हाती गेला, २००० पासून खासगी कंपन्या आल्या. युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली.

जुने दिवस फार सुखाचे होते, असे म्हणण्याचे कारण नाही. सरकारी कंपन्यांच्या काळातही फायली महिनोन् महिने टेबलावर पडत आणि साहेबांची मर्जी सांभाळावी लागे. पण त्या साहेबांचे टेबल कुठे आहे, हे निदान ठाऊक असे. आज पॉलिसी गाडीच्या शोरूममध्ये किंवा मोबाइलवर दोन मिनिटांत मिळते. दावा मात्र टोल-फ्री क्रमांकावर नोंदवला जातो, छायाचित्रे एका शहरात पाहिली जातात आणि नकारपत्रावरची सही दुसऱ्या शहरातली असते. बिल तपासणाऱ्याने तो रस्ता आणि ती ट्रॉली कधीच पाहिलेली नसते. पॉलिसी घेताना गोड बोलणारा माणूस 'क्लेम डिपार्टमेंट वेगळं असतं' असे सांगून मोकळा होतो. विकणारा जवळ आणि नाकारणारा लांब, ही आजच्या व्यवस्थेतली खरी अडचण आहे.

दाद कुठे मागायची

तरीही वाटा आहेत, आणि त्या पूर्वीपेक्षा सोप्या झाल्या आहेत. जून २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना मुदती घालून दिल्या: दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअरची नेमणूक, त्याचा अहवाल १५ दिवसांत, अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय. कागदपत्रे नाहीत, एवढ्याच कारणावरून दावा फेटाळायचा नाही, असेही त्यात आहे. फोनवर 'होणार नाही' असे ऐकून गप्प बसू नये. नकार लेखी मागावा, त्यात पॉलिसीचे नेमके कलम मागावे, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी. नकारपत्र ही फार महत्त्वाची वस्तू आहे. त्यात न दिलेले कारण कंपनीला नंतर नव्याने उभे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ आणि २०१९ साली सांगितले आहे. सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही, हे २००९ साली ठरले. आणि 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशा पावतीवर सही केली, तरी ती दबावाने किंवा दिशाभूल करून घेतल्याचे सिद्ध झाल्यास उरलेली रक्कम मागता येते, हे १९९९ पासूनचे आहे.

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. तिथे महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर दुसरी पायरी विमा लोकपालाची. सातारा-सांगलीसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात अर्ज करायचा. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात. आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ग्राहकाला मात्र तो नापसंत असल्यास पुढचा मार्ग मोकळा राहतो.

तो पुढचा मार्ग म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मंच स्थापन झाले. २०१९ च्या नव्या कायद्याने एक मोठा बदल केला: ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेच तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो, तिला सांगलीला किंवा साताऱ्याला यावे लागते. मोजलेली किंमत, म्हणजे इथे हप्ता, पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, दूरदृश्य पद्धतीने सुनावणी मागता येते. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नये.

मूळ प्रश्न

मग अडते कुठे? अडते ते वेळेपाशी. साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. आयोगांतल्या रिकाम्या जागा आणि तारखा हे होऊ देत नाहीत. कंपनीला वकिलाचा खर्च हजारो दाव्यांवर विभागता येतो, ग्राहकाला एकाच दाव्यावर सोसावा लागतो. कंपनी हरली तरी पंचवीस हजार आणि थोडे व्याज देऊन सुटते, आणि न भांडलेल्या इतरांचे पैसे तिच्याकडे राहतातच. अशा व्यवस्थेत चुकीचा नकार हा कंपनीच्या दृष्टीने तोट्याचा सौदा ठरत नाही. एखाद्या अधिकाऱ्याचा स्वभाव बदलून हे सुधारणार नाही. चुकीचा नकार महाग पडेल, असे काही तरी करावे लागेल.

त्यासाठी फार मोठ्या सुधारणा नकोत. नकाराचे पत्र ग्राहकाच्या भाषेत, एका पानात, कलम आणि त्याचा अपघाताशी संबंध सांगणारे असावे. छोट्या दाव्यांसाठीही, ग्राहकाने मागितल्यास, बाहेरचा सर्व्हेअर मिळावा. लोकपालाने वर्षातून काही दिवस साताऱ्यात आणि सांगलीत बैठक घ्यावी. आणि आयोगाने चुकीच्या नकाराबद्दल द्यायची भरपाई ग्राहकाच्या बुडालेल्या दिवसांच्या हिशेबाने मोजावी, नाममात्र नव्हे.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण पिढ्यान् पिढ्या पाळत आलो. ती ज्या कोर्टाविषयी होती तिथे वकिलाशिवाय पान हलत नसे आणि फीशिवाय अर्ज स्वीकारला जात नसे. लोकपाल आणि ग्राहक आयोग या म्हणीला उत्तर म्हणूनच निर्माण झाले. पंचवीस हजार ही या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांची महिन्याची मिळकत आहे. तेवढ्या रकमेसाठी दोन साध्या कागदांवर सही करणे आणि चार महिने चिकाटी धरणे, हा मूर्खपणा नव्हे. आपली बाजू खरी असेल तर नकारपत्र कपाटात ठेवून देऊ नये. आणि खरी नसेल, तर गॅरेजमधला तो सल्ला ऐकू नये.